मामंजी दोन घरी जेवायचे

माझे सासरे वर्षातून एका दुपारी दोनदा जेवत. रस्त्याच्या अलीकडे आमच्या घरी आणि पलीकडे थोरल्या दिरांच्या घरी, आणि दोन्हीकडे वडे-खिरीसकट. ते वारलेले होते म्हणून त्यांना हे जमत असे. जिवंतपणी म्हणे त्यांना ताकभात पुरायचा.

मार्गशीर्षात त्यांची तिथी आली की देवासच्या आमच्या गल्लीत धांदल उडे. भटजी दोन्ही घरांचे एकच. ते इकडे संकल्प सोडून तिकडे पळत, तिकडे पिंड मांडून पुन्हा इकडे येत. त्यातून एका श्राद्धाला जेवलेला ब्राह्मण त्या दिवशी दुसऱ्या श्राद्धाला चालत नाही, म्हणून ब्राह्मणही वेगवेगळे लागत. शाबूत दातांचे ब्राह्मण थोरले दीर आठ दिवस आधी सांगून ठेवत. आमच्या वाट्याला बोळकी येत. मी वडे मऊ करायला शिकले ते त्यामुळे.

स्वतःचं श्राद्ध आटोपलं की थोरले दीर आपल्या ओट्यावर येऊन उभे राहत आणि तिथून आमच्या माजघरातले मंत्र ऐकत. काही चुकलं की रस्त्यापलीकडून हाक येई, "अपसव्य! अरे, अपसव्य! जानवं उजव्या खांद्यावर घे!" माझे यजमान मुकाट्याने जानवं फिरवत. सगळी गल्ली ऐके.

हे श्राद्ध मी आधीच सांगते आहे, कारण माझं शेत, माझं घर आणि माझ्या मुलीचं दाणापाणी या सगळ्याचा निकाल पुढे त्यावरच लागला.

देवास गाव तेव्हा दोन गाद्यांत वाटलेलं होतं. रस्त्याची आमची बाजू धाकट्या पातीची, समोरची थोरल्या पातीची. म्हैस रस्ता ओलांडून गेली की परराज्यात गेली. बाहेरून आलेल्यांना याचं हसू येई, आम्हांला येत नसे. थोरले दीर थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते, माझे यजमान धाकट्या पातीच्या शाळेत मास्तर. मी लग्न होऊन आले तेव्हा मात्र सगळे समोरच्याच घरात राहत होते.

आम्ही वेगळे झालो ते भुकेमुळे. शिजलेल्या अन्नाची आहुती अग्नीत पडेपर्यंत घरात कोणी जेवायचं नाही, हा वैश्वदेवाचा नियम तेव्हा घरोघरी होता, पण बाकीच्यांकडे तो पटकन आटोपे. थोरल्या दिरांचा वैश्वदेव म्हणजे सोहळा. एखादा मंत्र मनासारखा उमटला नाही की ते पहिल्यापासून सुरू करत. कचेरी त्यांची उशिराची, त्यांना घाई नव्हती. माझे यजमान उपाशी शाळेत जात. मास्तर भुकेले आले की छड्या वाढतात, अशी पोरांच्या आयांची तक्रार घरापर्यंत आली.

एक दिवस ते म्हणाले, "दादा, एकतर देवांना लवकर उठवा, नाहीतर मला वेगळं शिजवू द्या."

थोरले दीर रागावले नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. "वेगळं व्हायचं तर शास्त्राप्रमाणे हो. अर्धवट मला चालत नाही."

त्यांनी मुहूर्त काढला. वाटणी त्यांनीच केली. राहतं घर आणि नाल्याकाठचं शेत त्यांना. विहिरीचं शेत आणि मामंजींनी धान्य भरायला घेतलेलं समोरचं दोन खणी घर आम्हांला. विहिरीचं शेत आम्हांला मिळालं, कारण विहीर ढासळलेली होती. मग त्यांनी माझ्या यजमानांना समोर बसवून धडा दिला. विभक्त झालेल्या भावाने आपला वैश्वदेव वेगळा करायचा, महालक्ष्म्या वेगळ्या बसवायच्या, वडिलांचं श्राद्ध वेगळं घालायचं. दोनदा म्हणवून घेतलं. मी चुलीतला विस्तव खापरात घेऊन रस्ता ओलांडला आणि नवी चूल पेटवली. त्या दिवशी माझे यजमान शाळेत जेवून गेले.

"दादा, कागद करून टाकू," असं ते जाता जाता म्हणाले होते.

"सख्ख्या भावांत कागद? कागद परक्यांत करतात."

म्हणून सरकारी दफ्तरात सगळी जमीन आधीसारखीच थोरल्यांच्या नावावर राहिली. यजमानांनी दोन उन्हाळे खपून विहीर बांधून काढली. माळव्यात विहिरीचं पाणी असलेलं शेत म्हणजे अफूचं शेत. पांढरी फुलं डोलायला लागली तशी थोरल्या दिरांची नजर कधीमधी त्या बाजूला वळायला लागली, पण तोंडातून शब्द निघाला नाही.

अकराव्या वर्षी माझे यजमान तापाने गेले. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. गोष्ट शेताची आहे. केस काढले का, हा प्रश्न वाचणारीच्या मनात येईल म्हणून सांगते, काढले. सकाळची वेणीफणी वाचली, एवढाच फायदा. मी सत्तावीस वर्षांची होते आणि मुलगी चार वर्षांची.

चौदाव्या दिवशी जाऊबाई ताट घेऊन आल्या. ताटात पुरण होतं. लोणच्याची फोड वाढताना फोडीकडे दोनदा बघणाऱ्या जाऊबाई.

"तिकडून सांगणं झालंय," त्या म्हणाल्या. थोरल्या दिरांविषयी त्या असंच बोलत. "आता कशाला गं दोन चुली? तू आणि पोर या इकडे. घर काय, एकच आहे."

"एकच आहे?"

"म्हणजे होतंच की एक. मध्ये जरा सोयीसाठी वेगळं शिजत होतं."

'सोयीसाठी' हा शब्द जाऊबाईंचा नव्हता. त्यांच्या तोंडात तो नव्या जोड्यासारखा करकरत होता.

त्यानंतर रोज ताट येऊ लागलं. एक दिवस साटोऱ्या, एक दिवस दाल-बाफले. मी खाल्लं. अन्नाशी माझं वैर नाही. शेजारघरचं भरलं ताट रिकामं परत पाठवायचं नसतं, म्हणून कधी गुळाचा खडा, कधी मूठभर शेंगा घालून मी ते परत करत होते. आमचं शेत बटाईने, निम्म्या वाट्याने करणारा माळवी शेतकरी आठ दिवसांनी आला आणि पायरीवर उकिडवा बसून डोकं खाजवू लागला.

"बई, बड़ा दादा कई ग्या कि अबे सब नाज वणाका घरे नाखजे. म्हूं कई करूं?"

सगळं पीक यापुढे थोरल्यांच्या घरी टाकायचा हुकूम त्याला मिळाला होता. त्या साटोऱ्या कशासाठी होत्या ते मला कळलं.

मी मुलीला घेतलं, महूपर्यंत रेल्वेने आणि पुढे टांग्याने धारला माहेरी गेले. माझे वडील तिथे दरबारच्या दफ्तरात होते. मला लिहावाचायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्या शेजारी एक म्हातारे वकील राहत. लहानपणी मी त्यांच्या परसातले पेरू चोरायचे, त्यामुळे ओळख जुनी होती.

"हे बघ बेटा," ते म्हणाले, "नवरा भावापासून विभक्त होऊन गेला की एकत्र असताना गेला, एवढंच कोर्ट विचारणार. विभक्त होऊन गेला असेल, तर मुलगा नाही म्हणून त्याचं सगळं तुझ्याकडे, तू आहेस तोवर. उगाच विकता यायचं नाही, पण कसता येईल, खाता येईल. तुझ्यामागे मुलीकडे. एकत्र असताना गेला असेल, तर त्याचा हिस्सा त्याच्याबरोबर संपला. शेत भावाचं. तुला अन्नवस्त्र आणि एका कोपऱ्यात अंथरूण."

"अन्न म्हणजे जाऊबाईंच्या हातचं."

"ते कायद्यात लिहिलेलं नाही."

"लिहायला हवं होतं."

ते हसले आणि मग गंभीर झाले. "आणि हिंदू घर एकत्रच धरून चालतात. वेगळं होतं असं जो म्हणेल त्याने दाखवायचं. कागद आहे?"

"नाही."

"वेगळी चूल?"

"अकरा वर्षं."

"सोयीसाठी होती म्हणतील."

"म्हणायला लागले पण. रोज ताट येतं आता तिकडून."

"परत कसं पाठवतेस?"

"काहीतरी घालून. रिकामं कसं पाठवू?"

वकीलकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, स्वतःच्याच स्वयंपाकघरात ताट ठेवताना कोणी गूळ घालून ठेवतं का? पाठवत राहा. कोर्टात काडीचा उपयोग नाही, पण पाठवत राहा."

मग त्यांनी देवाधर्माचं विचारलं आणि मी श्राद्धाची गोष्ट सांगितली. बोळक्या ब्राह्मणांपर्यंत आले तेव्हा त्यांचं हसणं थांबलं होतं.

"दोन्ही घरी? एकाच दिवशी? बेटा, एकत्र घरात बापाचं श्राद्ध थोरला करतो, धाकट्यांचं त्यातच येतं. धाकटा वेगळं करतो तो विभक्त झाल्यावरच. हे कामाचं आहे. पण सांगणार कोण? भटजी?"

भटजींचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. थोरले दीर नुसते खाकरले तरी ते मंत्र विसरत. "नाही सांगायचे."

"गल्लीतले?"

गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कागद थोरल्या दिरांच्या टेबलावरून जात. "तेही नाही."

"मग?"

"ज्यांनी आम्हांला शिकवलं तेच सांगतील."

"तो तर प्रतिवादी!"

"हो. पण त्यांना शास्त्रात चुकलेलं चालत नाही, काका."

वकीलकाका वडिलांकडे वळून म्हणाले, "पेरू हिनेच चोरले होते, मला तेव्हाच वाटलं होतं."

शेत थोरल्या पातीच्या हद्दीत होतं, म्हणून दावा तिकडच्या कचेरीत लागला. थोरल्या दिरांनी उत्तर दिलं: कुटुंब एकत्र, वाटणी कधी झालीच नाही, दोन चुली सोयीसाठी. जाऊबाईंची ताटं त्या दिवशी बंद झाली. मला बाफल्यांचं वाईट वाटलं.

विधवेला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही, पण पुराणाला बसायला कोणी अडवत नाही. दुपारी देवळात पुराण असे आणि दोन्ही पातींच्या बायका वाती वळत ऐकायला येत. अध्याय संपला की पुराणिकबुवा म्हणत, "कुणाला काही शंका?" कुणालाच कधी नसे. बुवा हिरमुसून पोथी बांधत.

तारखेला पंधरा दिवस राहिले होते. मी हात जोडून म्हटलं, "बुवा, एक शंका आहे. कुणाच्या घरची नाही, आपली अशीच."

बुवांनी बांधलेली पोथी पुन्हा सोडली.

"एकत्र कुटुंबात धाकट्या भावाने वडिलांचं श्राद्ध वेगळं घातलं, तर ते पोचतं का?"

"एकत्र कुटुंबात? वेगळं?" बुवा मांडी मोडून ताठ बसले. "अहो, त्याला अधिकारच नाही! ते अन्न पितरांना कसं पोचेल? कावळ्यांना पोचेल!"

"आणि असं अकरा वर्षं चाललं असलं तर?"

"अकरा?"

"समजा."

"हर हर! अकरा वर्षं!"

"मग दोष कुणाला, बुवा? धाकटा तर, समजा, गेला."

"थोरल्याला! त्याच्या डोळ्यांदेखत चाललं ना? कुटुंबाचा कर्ता तो. त्याला समजायला नको?"

वाती वळणारे सगळे हात थांबले होते. बाहेर पडताना एका म्हातारीने माझा पदर धरला. "काय गं, म्हणजे तुझा सासरा अकरा वर्षं अर्धपोटी?"

"मी अडाणी काय सांगू, आत्याबाई? बुवा म्हणाले."

दिवेलागणीपर्यंत बातमी दोन्ही राज्यांत पोचली. सरहद्दीवर तिला जकात लागली नाही.

तिसऱ्या दिवशी थोरले दीर रस्ता ओलांडून आले. मागे जाऊबाई. ते माझ्याशी सरळ बोलणार नव्हते आणि मी त्यांच्यासमोर येणार नव्हते, तशी रीतच नव्हती. ते अंगणात तुळशीकडे तोंड करून उभे राहिले, मी दाराआड.

"पुराणात नसत्या शंका काढायचं कारण काय, विचार," त्यांनी तुळशीला सांगितलं.

"जाऊबाई," मी म्हटलं, "सांगा म्हणावं, मला शास्त्र कळत नाही. दाव्याच्या उत्तरात लिहिलंय की घर एकत्र होतं. म्हणजे आमच्याकडचं श्राद्ध चुकीचं झालं. तीळ माझ्या घरचे, वडे माझ्या हातचे. तर प्रायश्चित्त मी घ्यायचं की तिकडून घेणं होणार, एवढंच विचारा."

"चूक? चूक कुठली?"

"मग शास्त्राला धरून होतं म्हणायचं?"

"अलबत! मी स्वतः त्याला..." आणि ते थांबले. मूर्ख नव्हते ते. त्यांनी तुळशीकडे पाहिलं, जणू साक्ष तीच देणार होती. मग "कचेरीत बघू" म्हणाले आणि निघून गेले.

जाऊबाई मागे रेंगाळल्या. "काय करून बसलीस गं? तिकडं तीन दिवस अन्न जात नाहीये. वैश्वदेवसुद्धा भराभर उरकणं होतंय."

"अकरा वर्षांपूर्वी उरकला असता, तर आज खरंच घर एकत्र असतं, जाऊबाई."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी पदरात लपवलं. भुकेची आठवण त्यांनाही होती. त्यांची तर अजून चालूच होती.

तारखेला धारहून वकीलकाका आणि माझे वडील आले. मी कचेरीत भिंतीशी डोक्यावरून पदर घेऊन बसले, वडील शेजारी. गल्लीतल्या दोघांनी साक्षी दिल्या. दोन्हीकडे धूर निघायचा हे खरं, पण वाटणीचं आम्हांला काय ठाऊक, असं दोघांनीही एकाच चालीत सांगितलं. भटजींना त्या दिवशी नेमकं परगावी लग्न निघालं.

मग थोरले दीर उभे राहिले. पगडी, उपरणं, हातात काठी. त्यांचा वकील इंदूरचा, तरुण, चुणचुणीत. त्याने उत्तरं पढवलेली दिसत होती.

वकीलकाकांनी विचारलं, "दोन चुली का होत्या?"

"सोयीसाठी."

"दोन वैश्वदेव?"

"सोयीसाठी."

"दोन्ही घरी महालक्ष्म्या?"

"बायकांची हौस."

"वडिलांचं श्राद्ध कोण करी?"

"मी."

"आणि धाकटे बंधू?"

थोरल्या दिरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तोही करी."

"सोयीसाठी?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी कचेरीच्या शास्त्र्यांकडे पाहिलं. शास्त्री थोरल्या दिरांच्या निम्म्या वयाचे, बारीक आवाजाचे, फार सभ्य. ते उठून म्हणाले, "अविभक्त असता कनिष्ठाने पृथक् श्राद्ध करणं सशास्त्र नाही. पण प्रतिवादी कारकून आहेत, शास्त्री नव्हेत. अज्ञानामुळे असं घडलं, एवढं लिहून घ्यावं. म्हणजे वाटणी झाली असंही ठरत नाही आणि कुणाला दोषही लागत नाही."

त्या भल्या माणसाने सहजपणे थोरल्या दिरांना दार उघडून दिलं होतं. त्यांनी नुसती मान हलवायची होती. अज्ञान म्हटलं की श्राद्ध गेलं, श्राद्ध गेलं की शेत गेलं, आणि मी आणि मुलगी जाऊबाईंच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. इंदूरचा वकील त्यांच्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होता, हलवायची कशी ते दाखवत असल्यासारखा. वडिलांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी पदर दातांत धरला.

कारकुनाने टाक दौतीत बुडवला. "मग, अज्ञानामुळे, असं लिहू?"

"कुणाचं अज्ञान?" थोरले दीर म्हणाले.

"आपलं. म्हणजे, बंधूंचं. दोघांचं."

"माझं अज्ञान?" त्यांनी काठी फरशीवर आपटली. "शास्त्रीबुवा, तुमची मुंज व्हायच्या आधीपासून मी या गावातल्या भटांना मंत्र सांगतो आहे! त्याने वेगळं श्राद्ध केलं ते मी सांगितलं म्हणून केलं. विभक्त झालेल्या भावाने पृथक् श्राद्ध करावं, हे मी त्याला समोर बसवून शिकवलं. दोनदा म्हणवून घेतलं!"

वकिलाने त्यांचं उपरणं ओढलं.

"वैश्वदेव वेगळा मी करायला लावला, महालक्ष्म्या वेगळ्या मी बसवायला लावल्या. मुहूर्त मी काढला. वाटणी मी केली! एक अक्षर शास्त्राबाहेर असेल तर दाखवा. रस्त्यापलीकडून त्याला अपसव्य कोण सांगत होतं? विचारा गल्लीला!"

उपरणं वकिलाच्या हातात राहिलं.

"जरा सावकाश," न्यायाधीश म्हणाले. "लिहून घेताहेत."

"लिहा! वाटणी यथाशास्त्र झाली होती, असं लिहा!"

शास्त्र्यांनी हात जोडले. "आता शंका नाही."

थोरल्या दिरांनी छाती काढून चौफेर पाहिलं. वकीलकाका म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही, आणि खाली बसून उगाचच चष्मा पुसत राहिले.

घरी येताना थोरले दीर आमच्या पुढे चालत होते. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी विचारलं, "काय भिया, क्या हुआ?" तर ते म्हणाले, "चुप कर दिया शास्त्री को! एक अक्षर नहीं बोला!" दारात जाऊबाई उभ्या होत्या. त्यांनाही सगळं रंगवून सांगितलं. आम्ही आमच्या दारात पोचलो होतो, सगळं ऐकू येत होतं.

जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि शेत?"

"कसलं शेत?" ते म्हणाले.

मग ते ओट्यावर बसले. जाऊबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो त्यांनी घेतला नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला. विहिरीचं शेत, आणि त्याच निकालावरून धाकट्या पातीच्या दफ्तरात हे दोन खणी घर, माझ्या नावाने लागलं, माझ्या हयातीपर्यंत. मला त्याहून जास्त काळ नकोच होतं. इंदूरच्या वकिलाने अपिलासाठी दोन खेपा घातल्या. अपिलात काय म्हणायचं ते त्याने समजावून सांगितलं, म्हणजे पुन्हा तोच शब्द, अज्ञान. दुसऱ्या खेपेला थोरल्या दिरांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. लोभ त्यांना होता, चांगला भरपूर होता. पण शेताच्या बदल्यात अडाणी म्हणवून घेण्याइतका नव्हता. असे लोभी लोक शेजारी असलेले परवडतात.

पुढच्या मार्गशीर्षात भटजींची पळापळ वाचली. आमच्या घरात मामंजींचं श्राद्ध घालणारं कोणी उरलं नव्हतं, तेव्हा मामंजी एकाच घरी जेवले. मी ती दुपार शेतावर घालवली. विहिरीला पाणी होतं, अफूची रोपं वीतभर झाली होती.

संध्याकाळी जाऊबाई ताट घेऊन आल्या. श्राद्धाचे वडे आणि खीर. वडे नेहमीसारखे दगड. मी ते काढून घेतले, ताट धुतलं आणि त्यात गेल्या हंगामाची, विहिरीच्या शेतातली खसखस भरली.

"अगं, घरच्या घरात ताट कशाला भरून देतेस?" जाऊबाई सवयीने म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

त्या ताट घेऊन वळल्या, तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या ओट्यावरून आवाज आला, "ताट पुसून घेतलंय का, विचार तिला! ओल्या ताटात खसखस भरत नाहीत!"

बरोबर होतं त्यांचं. मी ताट परत घेतलं, खसखस काढली, ताट कोरडं पुसलं आणि पुन्हा भरून दिलं.